शिंप्याच्या मुलाने रंगवलेला रविवार

रविवारची दुपार घड्याळ न पाहताही ओळखू येते. सकाळची विहारातली वंदना आटोपलेली असते. दोरीवर धुणे वाळत असते. एरवी पाळीच्या भोंग्यावर धावणारा माणूस बनियनवर बसून पेपर वाचत असतो आणि पोरांनी गल्ली डोक्यावर घेतलेली असते. संध्याकाळी कुठेतरी भीमगीतांचा कार्यक्रम असतो, कुठे हळद असते, कुठे बारसे असते. सहा दिवस आपले शरीर दुसऱ्याच्या हुकमात राबते. सातव्या दिवशी ते आपले होते.

हा आपला रविवार कुणीतरी रंगवावा, तोही भिंतभर मोठा, असे आपल्याला कधी वाटले आहे का? बहुधा नाही. चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजे, महाराजे आणि देवादिक येतात. कष्टकऱ्याच्या करमणुकीत रंगवण्यासारखे काय आहे, असे आपणच म्हणतो.

पण असा एक रविवार रंगवला गेला आहे. तो आपल्या वस्तीतला नाही, फ्रान्समधल्या पॅरिस शहरातल्या एका टेकडीवरचा आहे. साल १८७६. चित्रकाराचे नाव पिएर ओग्युस्त रन्वार आणि चित्राचे नाव ‘मूलँ द ला गालेत इथला नाच’. आज कुटुंबाच्या पानावर आम्ही या चित्राची ओळख करून देणार आहोत. चित्रकलेचे आम्ही पंडित नाही. पण पाहायला पंडिती लागत नाही, डोळे लागतात, आणि ते आपल्या सर्वांजवळ आहेत.

चित्रात काय आहे?

चित्र सुमारे पावणेसहा फूट रुंद आणि सव्वाचार फूट उंच आहे. एक अंगण आहे, वर झाडांची दाट पाने आहेत आणि पानांतून ऊन गळते आहे. समोर बाकावर पट्ट्यापट्ट्यांच्या पोषाखातली एक तरुणी बसली आहे. तिच्या खांद्यावर हात ठेवून दुसरी वाकून उभी आहे. उजवीकडे टेबलाभोवती तीन-चार तरुण आहेत आणि टेबलावर पेले आहेत. त्या पेल्यांत डाळिंबाचे सरबत आहे, असे जाणकार सांगतात. डावीकडे गुलाबी पोषाखातली एक मुलगी जोडीदाराबरोबर नाचते आहे आणि नाचता नाचता आपल्याकडे पाहते आहे. अगदी खाली डाव्या कोपऱ्यात सोनेरी केसांचे एक लहान मूल आहे. आणि मागे गर्दीच गर्दी. गवती टोप्या, काळसर कोट, दिव्यांचे पांढरे गोळे आणि दूरवर वाद्यवाल्यांचा मंच.

हे ठिकाण म्हणजे पॅरिसच्या उत्तरेकडची मोंमार्त्र टेकडी. तिथे जुन्या पवनचक्क्या होत्या. चक्कीच्या मालकांनी दळलेल्या पिठाची जाडसर पोळी, म्हणजे ‘गालेत’, विकायला सुरुवात केली. पुढे अंगणात बाके टाकली, वाद्यवाले बसवले आणि दर रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत नाच सुरू झाला. टेकडीवर भाडे कमी होते, म्हणून तिथे मजूर, शिवणकाम करणाऱ्या पोरी, धोबिणी, दुकानातले नोकर आणि फाटके कलावंत राहत. रविवारी ही मंडळी धुतलेले कपडे घालून इथे येत. आया आपल्या वयात आलेल्या मुलींबरोबर येत, कडेवरचे पोरही बरोबर असे. म्हणजे हा श्रीमंतांचा महाल नव्हता. कामकऱ्यांचे हे अंगण होते.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये कामगारांना आठवड्याच्या सुटीचा कायदेशीर हक्क मिळाला तो १९०६ साली. हे चित्र त्याच्या तीस वर्षे आधीचे. म्हणजे चित्रातला रविवार पुष्कळांना पदरमोड करूनच मिळत असे. आपल्याकडेही रविवार आकाशातून पडलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी लागली. सुटीचा दिवस हा झगडून मिळवलेला असतो. म्हणून तो रंगवण्याच्या लायकीचा असतो.

सुईदोऱ्याच्या घरातला पोर

रन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोज या गावी झाला. वडील शिंपी आणि आई शिवणकाम करणारी. तो लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आले. तेराव्या वर्षी त्याला चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारीला लावले. बशांवर आणि कपांवर फुले काढायची, कडा रंगवायच्या, हे त्याचे काम होते. पोराचा हात चांगला होता. पण चार वर्षांत भांड्यांवर चित्रे छापणारी यंत्रे आली, हाताने रंगवणाऱ्यांची गरज उरली नाही आणि कारखाना बंद पडला. वाचकहो, हे वाचून आपल्यापैकी कित्येकांना आपल्या घरातली गोष्ट आठवेल. यंत्र आले आणि हात रिकामे झाले, ही गोष्ट फक्त आपल्याच नशिबी आलेली नाही.

रन्वार मग हातपंखे रंगवू लागला, खिडक्यांचे पडदे रंगवू लागला. पैसे साठवले आणि १८६२ साली सरकारी कलाशाळेत नाव घातले. त्याच सुमारास त्याला मोने, सिस्ले, बाझीय असे मित्र मिळाले. खिशात दमडी नसताना रंग कसे पुरवायचे, हा या मित्रांच्या टोळीतल्या बहुतेकांचा रोजचा प्रश्न होता. सरकारमान्य प्रदर्शनात त्यांची चित्रे वारंवार नाकारली जात. शेवटी १८७४ साली त्यांनी स्वतःचे वेगळे प्रदर्शन भरवले. त्यावर एका पत्रकाराने थट्टेने त्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटले, म्हणजे नुसता ठसा उमटवणारे. शिवी म्हणून दिलेले नाव त्यांनी मानाने लावून घेतले.

१८७६ साली रन्वारने मोंमार्त्र टेकडीवरच कोर्तो रस्त्यावर जागा भाड्याने घेतली. त्याचा मित्र जॉर्ज रिव्हिएर याने लिहून ठेवले आहे की, मित्रमंडळी रोज तो मोठा कॅनव्हास उचलून नाचाच्या अंगणात नेत आणि रन्वार तिथे बसून रंगवी. टेकडीवरच्याच शिवणकाम करणाऱ्या पोरी त्याच्यापुढे बसायच्या. त्यांचे पोषाख कसे शिवले आहेत, चुणी कुठे पडते, कापड कुठे ताणते, हे शिंप्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

सैल फटकारे म्हणजे काय?

त्या काळी चांगले चित्र म्हणजे गुळगुळीत चित्र, अशी समजूत होती. ब्रशचा एकही फटकारा दिसता कामा नये. बोट फिरवले तर आरशावरून फिरवल्यासारखे वाटले पाहिजे. रन्वारने नेमके उलटे केले. त्याच्या चित्राजवळ गेलात तर कड कुठेच सापडत नाही. गाल संपून केस कुठे सुरू झाले, कोट संपून सावली कुठे लागली, काही कळत नाही. नुसते रंगाचे पट्टे, ठिपके आणि ओरखडे दिसतात. मागच्या गर्दीतला माणूस तर तीन-चार फटकाऱ्यांतच संपतो. एक टोपीचा, एक चेहऱ्याचा, एक कोटाचा.

आता दहा पावले मागे या. तेच ठिपके हलायला लागतात! गर्दी नाचते आहे, पाने सळसळताहेत, वाद्य वाजते आहे असे वाटते.

आपल्या घरातली वाकळ आठवा. जवळून पाहिली तर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, इकडे लाल, तिकडे हिरवी, मध्येच धावदोरा. पण दोरीवर टाकून लांबून पाहिली की तिच्यात नक्षी उठते. रन्वारचे चित्र हे रंगांची वाकळ आहे.

हे त्याने कंटाळून केलेले नाही. आपण खऱ्या गर्दीत उभे राहतो तेव्हा आपल्याला सगळे चेहरे स्वच्छ दिसतात का? चैत्यभूमीच्या गर्दीत उभे राहून पाहा. समोरचे दोन-चार चेहरे दिसतात, बाकी नुसते पांढरे कपडे आणि निळे झेंडे हेलकावत असतात. डोळा तसाच पाहतो. रन्वारने डोळ्याशी प्रामाणिक राहून रंगवले. आणखी एक कारण म्हणजे ऊन थांबत नाही. पान हलले की ठिपका सरकतो. त्याला पकडायचे तर हात झरझर चालला पाहिजे. चिनीमातीवर हलक्या हाताने फुले काढण्याची सवय त्याला इथे उपयोगी पडली.

आणि ते ऊन कुठे कुठे पडले आहे ते बघा. एका माणसाच्या पाठीवर, बाकावर, जमिनीवर, मुलीच्या केसांवर, टोपीवर. ऊन माणसाची पायरी पाहत नाही. जुन्या दरबारी चित्रात प्रकाश राजाच्या तोंडावर असे आणि चाकर अंधारात उभा असे. इथे प्रकाश सर्वांना सारखा वाटला आहे. रन्वारच्या मनात समतेचा काही सिद्धान्त होता असा आमचा दावा नाही. पण चित्र मात्र समतेने रंगले आहे, हे आम्हाला दिसते.

१८७७ च्या प्रदर्शनात हे चित्र लागले तेव्हा लोक हसले. उन्हाचे असले ठिपके म्हणजे कपड्यांवरचे तेलकट डागच, असेही कुणी लिहिले. मित्र रिव्हिएर मात्र म्हणाला की, हे पॅरिसच्या जीवनाच्या इतिहासाचे पान आहे. काळाने कुणाला खरे ठरवले ते आपल्यापुढे आहे.

सावली काळी नसते, निळी असते

या चित्रातले आमचे सर्वात आवडते नवल निळ्या रंगाचे आहे. सावली म्हटले की आपण काळा रंग घेतो. रन्वारने सावल्यांत निळा आणि जांभळा भरला. पुरुषांचे कोट दुरून काळे वाटतात, जवळ गेले की निळे निघतात. जमिनीवरची सावलीही निळसर जांभळी आहे. उन्हाच्या दिवशी सावलीत आकाशाचा उजेड उतरतो, म्हणून ती निळसर दिसते. पांढऱ्या चादरीवर झाडाची सावली पडली की तुम्हीही पाहा.

आता या निळ्याची गोष्ट ऐका. शेकडो वर्षे युरोपातला उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातल्या खाणीतल्या दगडापासून बनत असे. तो सोन्याच्या तोलाचा महाग. म्हणून तो राखून ठेवला जाई देवादिकांच्या वस्त्रांसाठी. गरिबाच्या अंगावर तो कोण खर्च करणार? पुढे १८०२ साली तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कोबाल्टपासून निळा रंग तयार केला. १८२४ साली फ्रान्समध्ये, दगडातल्या निळ्याची बरोबरी करील असा स्वस्त रंग करून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले. १८२८ साली ते झाँ बातिस्त गिमे याला मिळाले. माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने तसाच निळा रंग केला. १८४१ साली, म्हणजे रन्वारच्या जन्मसालीच, रंग भरायची धातूची नळी निघाली आणि चित्रकार रंग पिशवीत टाकून उघड्यावर जाऊ लागला. हे सगळे जमले म्हणून हे चित्र जमले. १८७० नंतरच्या त्या वर्षांत रन्वार मुख्यतः कोबाल्टचा निळा वापरीत असे. पुढच्या ‘छत्र्या’ या चित्राची लंडनच्या नॅशनल गॅलरीने प्रयोगशाळेत तपासणी केली. तेव्हा आधी रंगवलेल्या भागात कोबाल्ट आणि काही वर्षांनी रंगवलेल्या भागात कारखान्यातला अल्ट्रामरीन निळा सापडला.

हा कारखान्यातला निळा तुम्ही पाहिला आहे. भगिनींनो, तुम्ही तो हाताळला आहे! पांढऱ्या कपड्यांना द्यायची निळीची जी भुकटी पुडीत मिळे, ती हीच. चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर नेसायच्या पांढऱ्या साडीला आपल्या आया जी नीळ देत आल्या, ती आणि चित्रकाराच्या पेटीतला हा निळा एकाच कुळातले. पॅरिसच्या धोबिणीही गिमेच्या निळीच्या गोळ्या पाण्यात कालवीत. जो रंग देवादिकांच्या वस्त्रांसाठी राखीव होता, तो विज्ञानाने धोबिणीच्या बादलीत आणला आणि धोबिणीच्या मुलीच्या चित्रातही आणला.

गोष्ट इथेच संपत नाही. निळीच्या कारखान्याची दौलत गिमेच्या मुलाकडे, एमील गिमेकडे गेली. ज्या १८७६ साली रन्वार टेकडीवर रंगवीत होता, त्याच साली एमील गिमे पूर्वेकडचे धर्म अभ्यासायला निघाला. जपान, चीन आणि भारत पाहून तो परतला तो बुद्धमूर्ती आणि ग्रंथ घेऊनच. त्यातून उभे राहिलेले गिमे संग्रहालय १८८९ साली पॅरिसमध्ये उघडले. १८९१ साली तिथे जपानी भिक्खूंनी बौद्ध विधी केला आणि तो पाहायला पॅरिसची नामवंत मंडळी आली. ते संग्रहालय आजही आहे आणि तिथे तथागतांच्या मूर्ती आहेत. निळीच्या पैशातून बुद्धाचे घर उभे राहिले. निळा रंग अभिमानाने खांद्यावर घेणाऱ्या आपल्या समाजाला हे ठाऊक असावे, म्हणून आम्ही थोडे विस्ताराने लिहिले.

चित्रात जे नाही

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. मग नावाजलेले चित्रही पारखूनच घेतले पाहिजे.

या चित्रात थकलेला चेहरा एकही नाही. फाटका कपडा नाही. त्याच मोंमार्त्र टेकडीवर १८ मार्च १८७१ रोजी पॅरिसच्या कामकऱ्यांचा उठाव पेटला होता. तो ‘कम्यून’ म्हणून ओळखला जातो. मे महिन्यात सरकारी सैन्याने तो चिरडला आणि हजारो माणसे मारली. पाचच वर्षांनी त्याच टेकडीवरचे हे चित्र, पण त्यात त्या रक्ताचा थेंब नाही. चित्र प्रदर्शनात लागले त्याच १८७७ साली एमील झोला या लेखकाची एका धोबिणीच्या ससेहोलपटीवरची ‘लासोम्वार’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. दारू घर कसे गिळते ते तिच्यात आहे. ते रन्वारच्या चित्रात दिसत नाही. शिवाय टेबलाशी बसलेले तरुण मजूर नाहीत. ते रन्वारचे चित्रकार आणि लेखक मित्र आहेत. गुलाबी पोषाखात नाचणारी मार्गो पुढे तीन वर्षांतच आजारपणात गेली. रन्वारने तिच्यासाठी डॉक्टरांची धावाधाव केली, पण ती वाचली नाही.

मग हे चित्र खोटे म्हणायचे का? आमच्यात यावर वाद झाला. एक म्हणणे असे, की गरिबाला हसताना दाखवले की श्रीमंताला बरे वाटते आणि त्याची झोप मोडत नाही. हे म्हणणे खोटे नाही. दुसरे म्हणणे असे, की गरिबाला नेहमी रडतानाच दाखवणे हाही त्याचा अपमान आहे. ज्याने आयुष्यभर सोसले त्याला एक दिवस हसण्याचा हक्क आहे, आणि ते हसणे मोठ्या कॅनव्हासवर येण्याचाही हक्क आहे. आपल्या माणसांनी वेदनेची गाणी लिहिली, तशी जयंतीच्या मिरवणुकीत मनसोक्त नाचलीही. दोन्ही आपलीच.

आमचा कौल असा. रन्वारचे चित्र अर्धे सत्य आहे, पण ते अर्धे खरे आहे. दुसरे अर्धे सत्य झोलाने लिहिले. त्याच अंगणाचे चित्र १८८९ साली तुलूझ लोत्रेक याने काढले आणि १९०० साली तरुण पिकासोने. त्यांत हे ऊन नाही. लोत्रेकची माणसे कंटाळलेली आहेत आणि पिकासोचा नाच रात्रीच्या अंधारातला आहे. तिघांचीही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे अंगण पुरते दिसेल.

पुढे काय झाले?

हे चित्र विकत घेतले ते काय्यबोत या चित्रकार मित्राने. तो पैसेवाला होता, पण त्याला दृष्टी होती. घरातली लाकडी जमीन गुडघ्यांवर बसून रंध्याने तासणारे कामगार त्याने स्वतः १८७५ साली रंगवले होते. १८९४ साली तो वारला, तेव्हा आपला संग्रह त्याने देशाला देऊन टाकला. सरकारी कलापंडितांनी आरडाओरडा केला, ही घाण आम्हाला नको म्हणाले. शेवटी १८९६ साली सरकारने त्यातली सुमारे चाळीस चित्रे स्वीकारली, त्यांत हे एक. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९८६ साली एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत उघडले. याच चित्राची एक लहान आवृत्ती १९९० साली न्यूयॉर्कच्या लिलावात ७ कोटी ८१ लाख डॉलरला गेली. नाचायला जाताना नाणी मोजणाऱ्या पोरींच्या चित्राला एवढी किंमत! पोरींना त्यातले काय मिळाले, हा प्रश्न वाचकांनीच स्वतःला विचारावा.

उतारवयात रन्वारचे हात संधिवाताने पार वाकडे झाले. बोटांत ब्रश धरता येईना, तेव्हा तळव्याला कापड गुंडाळून दुसऱ्याने ब्रश हातात द्यायचा आणि तो रंगवायचा. ३ डिसेंबर १९१९ रोजी तो गेला, तोवर रंगवीतच होता. त्याचा मुलगा झाँ रन्वार मोठा सिनेदिग्दर्शक झाला. त्याने बंगालमध्ये येऊन ‘द रिव्हर’ हा चित्रपट काढला, तो १९५१ साली आला.

आता घरात करून पाहा

आईबापांनो, पोराने चित्रकलेची वही मागितली तर ‘त्याने पोट भरते का?’ म्हणू नका. आधी पुस्तक हे खरेच, बाबासाहेबांचा आदेशच तो. पण बाबासाहेबांनी एवढ्या कामातून व्हायोलिन शिकायलाही वेळ काढला होता, हेही पोरांना सांगा.

मुलांनो, येत्या रविवारी एक करा. रंगाची साधी पेटी घ्या, पण त्यातली काळी वडी बाजूला काढून ठेवा. गल्लीत बसा. शिसपेन्सिलीने आधी कडा काढू नका. सरळ ब्रशने ठिपके द्या. दोरीवरच्या साड्या, नळावरची रांग, कॅरम खेळणारे दादा, पापड वाळवणारी आजी, सगळे ठिपक्यांतच. सावलीला निळा लावा. मग चित्र भिंतीला टेकवून दहा पावले मागे जा. पहिल्या वेळी बिघडेल, दुसऱ्या वेळीही बिघडेल. बिघडू द्या.

आणि चित्र झाले की त्याखाली तारीख, वार आणि गल्लीचे नाव लिहायला विसरू नका. पुढे कुणी विचारले की हे लोक रविवारी काय करत होते, तर दाखवायला ते चित्र घरात असेल.